समासातली नावं

“बोलणारा कोणी नसला, तर माणसं दुपारभर बसतात कशी, बाई?”

दंडवत घालून प्रफुल्ल काळमेघ उठला, तो हाच प्रश्न घेऊन. समोर पाण्याचा तांब्या ठेवला होता, त्याच्याकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

मठाच्या ओसरीवर मैनाबाई बोरू तासत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या घरात, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. सोळाव्या वर्षी मठात आल्या, तेव्हापासून जुन्या पोथ्यांच्या नकला उतरवत आल्या. एक पोथी जीर्ण झाली की तिच्यावरून दुसरी. त्यांची बोटं काळी, आणि ती कशानंही धुतली जात नसत.

“कोण बसते दुपारभर?” त्यांनी विचारलं.

“इथं. याच ओसरीवर. दोन वर्षांपूर्वी मी आलो होतो, तेव्हा पाहिलं. दहा-बारा माणसं होती. प्रवचन नाही, कीर्तन नाही. ऊन तिकडच्या भिंतीवर गेलं तरी कोणी उठलं नव्हतं.”

“मग तू कायले उठला?”

“मला काम होतं.”

“व्हय,” बाई म्हणाल्या. “तुले काम होतं.”

…

प्रफुल्लचं काम म्हणजे संगणकाला ओळीओळीनं लिहून सांगायचं, की बाबा, आधी हे कर, मग ते कर. अमरावतीत त्याच्यासारखे हेच काम करणारे पुष्कळ. घरात बसून लिहितात, रोजची भाकरी त्यावरच खातात, आणि एकमेकांचं तोंडही पाहत नाहीत. म्हणून सहा वर्षांपूर्वी त्यानं एक बैठक सुरू केली. महिन्याचा दुसरा शनिवार, वाचनालयाचा हॉल, दुपारी तीन.

पहिल्या दिवशी दोघंच होते. तो आणि त्याचा मित्र दिवाकर इंगोले. दोघांत एक संगणक.

पुढं बैठक वाढली. प्रफुल्ल नागपूरहून, पुण्याहून वक्ते बोलवू लागला. माईक आला, पडदा आला, पाहुण्यांना शाल आली. तीन वाजून पाच मिनिटांनी स्वागत, दहाला परिचय, साडेचारला आभार. त्याच्या बैठकीत एक मिनिट इकडचं तिकडं होत नाही, असं नाव झालं. ते नाव त्याला फार आवडायचं.

आणि आता बोलायला कोणी मिळेना. या शनिवारचे पाहुणे तोंड आल्यासारखे गप्प झाले. पुढच्या महिन्याचे ‘बघतो’ म्हणाले. मागच्या खेपेला ऐंशी खुर्च्यांवर अकरा माणसं होती, त्यातली दोन वाचनालयाची.

“शनिवारी काय करायचं ते ठरलं नाही, तर मी बैठक बंद करणार आहे,” तो म्हणाला. “तसा निरोप लिहूनही ठेवलाय.”

“लिहून ठेवला? मग इथं कायले आला?”

प्रफुल्लनं पिशवी जवळ ओढली.

“तसं उत्तर माझ्याजवळ आहे,” तो म्हणाला. “फक्त निवडायचं आहे.”

त्यानं पिशवीतून कागद काढले. तीन पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. वक्त्याशिवाय बैठक कशी करायची, याच्या चाळीस युक्त्या. आठ दिवस खपून गोळा केलेल्या.

“चाळीस?” बाई म्हणाल्या. “लग्नाच्या पंगतीत इतके पदार्थ नसते बाप्पा. वाच.”

“एक. दोघांनी मिळून एका यंत्रावर बसायचं. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं बघत बसायचं आणि सांगायचं. थोड्या वेळानं जागा बदलायच्या.”

“हं.”

“दोन. सगळ्यांनी एकच लहानसं कोडं घ्यायचं. पाऊण तास लिहायचं, आणि मग लिहिलेलं सगळं पुसून टाकायचं. दुसऱ्या जोडीदाराबरोबर पुन्हा पहिल्यापासून.”

बोरू तासणारा हात थांबला.

“सारं पुसाचं?”

“सगळं.”

“अन् कोणी रडत नाही?”

“पहिल्यांदा जीव तुटतो म्हणतात. मग बरं वाटतं.”

“ज्यानं काढलं तो शहाणा असन. पुढं.”

“तीन. चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याचं नाव निघेल त्यानं पाच मिनिटं बोलायचं.”

“अन् ज्याचं पोट दुखते, तो त्या दिवशी येतच नाही. पुढं.”

प्रफुल्ल वाचत गेला. कोणीतरी फार वर्षांपूर्वी लिहिलेला प्रोग्राम आणायचा आणि सगळ्यांनी मिळून मोठ्यानं वाचायचा. आपापलं काम घेऊन यायचं, गप्प बसून करायचं, उठताना एकेक वाक्य सांगायचं. नव्यानं जुन्याला शिकवायचं. शर्यत लावायची.

“जिंकणाऱ्याले काय?”

“टी-शर्ट.”

“त्याच्याजवळ नसतो का?”

“असतो. पण… त्यावर बैठकीचं नाव असतं.”

बाई हसल्या. पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळं हसू लहान मुलीसारखं दिसलं.

चाळिसावी युक्ती वाचून प्रफुल्लनं कागद खाली ठेवले. ओसरीवर एक चिमणी आली, दाणा नाही पाहून गेली.

“यातली कोणती घेऊ?”

“तू कोणत्यात बसतं?”

“मी?”

“व्हय, तू. पहिलीत दोघं एका यंत्रावर बसले. त्यातला एक तू हायेस का?”

“नाही. मी… मला सगळीकडं बघावं लागतं ना, बाई.”

“दुसरीत तू पुसतं का?”

“मी घड्याळ लावतो.”

“अन् मोठ्यानं वाचतात, त्याच्यात?”

प्रफुल्लनं कागदांकडं पाहिलं. चाळीस युक्त्या त्यानं आपल्या हातानं लिहिल्या होत्या. त्यातल्या एकीतही त्याला बसायला खुर्ची नव्हती. दर ठिकाणी तो दारापाशी उभा होता.

“चहा कोण देते?” बाईंनी विचारलं.

“तोही मीच बघतो.”

“मग भागलं तुह्यं.”

…

त्या उठल्या. आत गेल्या आणि दोन बासनं घेऊन आल्या. एक जुनं, एक नवं. जुन्या कापडाला तेलाचा, धुराचा, चंदनाचा वास होता. दोन्हींत पोथीचीच सुटी पानं, लाकडी फळ्यांमध्ये धरलेली. जुनी मूळ, नवी तिची नक्कल.

“तुह्या शनिवारचं पाहू नंतर. आधी माह्यं एक काम कर. वाचता येते ना बाळबोध?”

“येतं की.” प्रफुल्लला जरा लागलंच ते.

“मूळ तू वाच. मोठ्यानं. मी नकलेवर काडी फिरवते.”

“कशासाठी?”

“शोधणी कराची हाय.”

मग त्यांनी सांगितलं. नक्कल उतरवून झाली म्हणजे पोथी झाली, असं नसतं. दुसऱ्यानं मूळ वाचायचं, उतरवणाऱ्यानं नकलेवर काडी ठेवून ऐकायचं, चूक पकडायची. तोवर पोथी गाठ मारून कपाटात जात नाही. नुसती गुंडाळून ठेवायची. त्या दिवशी तू पाहिली ती दहा-बारा माणसं, ती दुसऱ्या मठातली, आपल्या पोथ्यांची शोधणी आपसांत करत होती.

“तुमची कोणी करत नाही?”

“गोदा करे.”

“गोदा कोण?”

“गोदाबाई. माह्याबरोबर मठात आली. एकाच बैलगाडीत.” बाईंनी चष्म्याचा दोरा कानामागं सारखा केला. “साठ वर्षं तिचं मी वाचलं अन् माह्यं तिनं. चार वर्षं झाली तिले जाऊन.”

“मग या चार वर्षांत…”

“सात पोथ्या उतरवल्या. सातही बिनगाठीच्या पडल्या हायेत. ही त्यातली पहिली.”

“दुसरं कोणी नाही मठात?”

“हायेत ना. पोरी भल्या हायेत. पण माह्यी चूक काढाले भेतात. बाई कशा चुकतीन, म्हणतात.” त्या थांबल्या. “मान देऊन देऊन एकटी पाडली मले.”

“तुम्हाला स्वतः वाचून नाही का बघता येत?”

“तुह्यं तू वाचून पाहतं का?”

प्रफुल्ल हसला. रात्रंदिवस हेच तर होत होतं त्याचं. आपलं लिहिलेलं आपण शंभरदा वाचावं आणि चूक डोळ्यांसमोर बसून वाकुल्या दाखवत असावी. दिसत नाही ती नाहीच.

“नाही दिसत,” तो म्हणाला.

“बस मग.”

तो मांडी घालून बसला. वाचायला लागला. त्याला सवय भरभर वाचायची. पहिलं पान त्यानं घोडा सोडल्यासारखं वाचून काढलं.

“कोणी मागं लागलं का?” बाई म्हणाल्या.

तो सावकाश झाला. शब्द, मग शब्द. बाईंची काडी नकलेवरून मुंगीसारखी चालली. एक पान झालं, पाच झाली, नऊ झाली. त्याच्या पायाला मुंग्या आल्या, त्यानं मांडी बदलली. फोन पिशवीत दोनदा थरथरला, त्यानं काढला नाही. किती वाजले ते त्याला कळेना, आणि कळेना हेही त्याला कळेना.

बाराव्या पानावर एक पाहुणा आला होता. जुन्या भाषेत, साधीच गोष्ट.

“‘पाहुणा आला,’” प्रफुल्लनं वाचलं. “‘तो पानावरी बैसला. मग जेविला. जेवोनि क्षणभरी बैसला. मग…’”

काडी थांबली.

“पुन्हा वाच.”

“‘तो पानावरी बैसला. मग जेविला. जेवोनि क्षणभरी बैसला. मग हात धुवोनि वाटे लागला.’”

बाई नकलेवर वाकल्या. इतक्या, की नाक पानाला लागलं.

“माह्यात नाही,” त्या हळू म्हणाल्या.

“काय नाही?”

“‘तो पानावरी बैसला. मग हात धुवोनि वाटे लागला.’ एवढंच हाय… पहिल्या ‘बैसला’वरून डोळा उचलला, अन् दुसऱ्या ‘बैसला’वर टेकवला. मधलं सारं गेलं.”

प्रफुल्लला वाईट वाटलं. ऐंशी वर्षांच्या बाईची चूक आपल्या तोंडून निघावी… त्यानं मान खाली घातली.

आणि टाळी ऐकू आली.

बाई दोन्ही काळ्या हातांनी टाळी वाजवत होत्या.

“अव माय! पानावर बसवलं अन् उपाशी उठवलं बापड्याले! चार वर्षं तो पाहुणा उपाशी फिरून राह्यला माह्या पोथीत!”

त्या हसत होत्या आणि चष्म्याखालून डोळे पुसत होत्या. कोणतं पाणी हसण्याचं आणि कोणतं दुसरं, ते सांगता आलं नसतं.

“तीनदा वाचली रे मी ही पोथी. एकटीनं. तिन्ही वेळा मीच त्याले जेवू घातलं, मनातल्या मनात. अन् म्हटलं, पोथी शुद्ध हाय.”

“तुम्हाला… वाईट नाही वाटलं, चूक निघाली त्याचं?”

“वाईट?” बाईंनी त्याच्याकडं असं पाहिलं, जसं त्यानं काही भलतंच विचारलं. “चार वर्षं वाट पाहून राह्यली मी हिची.”

…

त्यांनी दौत ओढली. गाळलेल्या जागी ओळीखाली एक बारीक खूण केली, आणि ‘मग जेविला. जेवोनि क्षणभरी बैसला’ हे पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेत, समासात, लिहिलं. मोत्यासारखं अक्षर, जरासं थरथरलेलं. मग विचारलं,

“नाव काय म्हटलं तुह्यं?”

“प्रफुल्ल.”

त्या ओळीच्या शेजारी त्यांनी लिहिलं : प्रफुल्ल.

“माझं नाव कशाला, बाई? पोथीत?”

“ज्याले चूक सापडते त्याचं नाव समासात लिहितात. आमच्यात तसंच हाय. ज्यानं उतरवली त्याचं नाव कुठंच नसते.”

त्या पुन्हा आत गेल्या, आणि गाठ मारलेली एक पोथी आणली. गाठ सोडली, पानं त्याच्यापुढं पसरली.

“पाहा.”

समासात ठिकठिकाणी बारीक अक्षरात एकच नाव होतं. गोदा. तीन पानं उलटली, की गोदा. एका पानावर दोनदा गोदा. एका ठिकाणी शाई फुटली होती. तिथं ‘गोदा’ आणि पुढं काहीतरी खोडलेलं.

“हे काय खोडलंय?”

“तिनं लिहिलं होतं, ‘मैने, झोपली होतीस का?’ महंतांनी खोडाले लावलं.”

प्रफुल्लला हसू आलं. बाईंना आलं नाही. त्या पानावरून बोट फिरवत होत्या, अक्षराला न लावता, थोडं वरून.

“तिचा फोटो नाही. कपडे वाटून दिले. तिनं उतरवलेल्या पोथ्यांत तिचं नाव नाही, तिथं मैना हाय. गोदा राह्यली ती इथं. जिथं जिथं मी चुकली, तिथं.”

…

“अन् या सात?” बाईंनी भिंतीशी रचलेल्या बासनांतलं एक उघडून पुढं केलं. “चार वर्षांतल्या. समास कसे चकचकीत हायेत पाहा. येतात ते लोक म्हणतात, बाई, काय शुद्ध लिहिता.”

ऊन ओसरीच्या पायरीवर आलं होतं. प्रफुल्ल त्या कोऱ्या समासांकडं पाहत राहिला. त्याला उगीचच ऐंशी खुर्च्या दिसल्या, पुसून ओळीनं लावलेल्या.

“बाई,” तो म्हणाला, “माझा एक मित्र होता. म्हणजे आहे. दिवाकर.”

बाई पानं गोळा करत होत्या. थांबल्या नाहीत.

“आम्ही दोघांनीच बैठक सुरू केली. तुमच्या मठातल्या पोथ्यांची यादी संगणकावर घातली ना आपण, तीही दोघांनी मिळून लिहिली. मी लिहायचो, तो शेजारी बसायचा. काही बोलायचा नाही. फक्त मी चुकलो की खुर्चीत हलायचा. खुर्ची करकरली की मला कळायचं.”

“मग?”

“मग पाहुणे येऊ लागले. एकदा असेच पुण्याचे कोणी मोठे आले होते. त्यांचं झालं, आणि दिवाकर उठला. त्यानं संत्र्याच्या बागेला पाणी कधी सोडायचं ते सांगणारा प्रोग्राम लिहायला घेतला होता. म्हणाला, अर्धा झालाय, एका जागी अडलोय, पाच मिनिटं दाखवू का सगळ्यांना?”

“तू काय म्हटलं?”

तांब्यातलं पाणी त्याला आत्ता दिसलं. तो प्यायला.

“माईक माझ्या हातात होता. मी म्हटलं… पूर्ण झाल्यावर दाखव. इथं पाहुणे बसलेत.”

“लोक हसले?”

“थोडे.”

“तो?”

“त्यानं संगणकाचं झाकण मिटलं. शेवटपर्यंत बसला. उठल्यावर नेहमीसारख्या खुर्च्याही रचल्या. सगळ्या. मग गेला… त्याला दोन वर्षं झाली.”

“पूर्ण झालं का त्याचं?”

“माहीत नाही.”

“इचारलं नाही?”

“काय विचारू?”

लांब कुठंतरी कोणीतरी पंप सुरू केला, त्याचा आवाज शेतावरून आला आणि तसाच येत राहिला.

“तुह्या त्या यंत्रातल्या यादीत आमच्या पोथ्या किती?” मधेच बाईंनी विचारलं.

प्रफुल्ल दचकला.

“दोनशे चौदा.”

“कपाटात दोनशे चौदा हायेत. यंत्रात कधी दोनशे चौदा दिसतात, कधी दोनशे तेरा. पोरी सांगतात मले. एक पोथी दिसते, दुसऱ्या दिवशी जाते, तिसऱ्या दिवशी आपली परत हजर. लेकुरवाळीसारखी माहेरी जाऊन येते.”

प्रफुल्लचे कान तापले. दोन वर्षं तो ते लपवत आला होता. मठातून विचारलं, की ‘वीज गेली असेल’ म्हणायचा. दिवाकर गेल्यावर त्यानं एकट्यानं त्या यादीत काही बदल केले होते, आणि तेव्हापासून हे सुरू झालं होतं. किती रविवार त्यानं त्यात घातले होते. शंभरदा वाचलं. शंभरही वेळा त्याला ते शुद्ध दिसलं.

“मला ती चूक सापडत नाही,” तो म्हणाला.

असं वाक्य त्यानं या सहा वर्षांत कोणापुढं उच्चारलं नव्हतं. माईकवर तर नाहीच.

“मले कायले सांगतं?” बाई म्हणाल्या. “मले काय समजते त्यातलं?”

…

प्रफुल्लनं पिशवीतून फोन काढला. दिवाकरचं नाव शोधायला फार खाली जावं लागलं. शेवटचा निरोप दोन वर्षांपूर्वीचा, त्याचाच : ‘खुर्च्या मोजून घेतल्यास का?’ त्याखाली काही नाही.

त्यानं लिहिलं. बाईंनी विचारलं,

“काय लिहिलं?”

“शनिवारी बैठक आहे, अवश्य ये. तुझा प्रोग्राम दाखव, अर्धा असला तरी चालेल.”

“चालीन?” बाई म्हणाल्या. “कोणाले चालीन? तुले?”

प्रफुल्लनं निरोप पुन्हा वाचला.

“अजूनही माईक तुह्याच हातात हाय का रे?”

प्रफुल्लनं ते पुसलं. सगळं. अंगठा बराच वेळ पडद्यावर तसाच राहिला. मग त्यानं थोडंसं लिहिलं, आणि या वेळी बाईंनी विचारायच्या आधीच वाचून दाखवलं, मघा पोथी वाचली तसं, सावकाश.

“‘दिवाकर, मठातल्या यादीत एक पोथी कधी दिसते, कधी दिसत नाही. मी दोन वर्षं शोधतोय. मला सापडत नाही. शनिवारी ती सगळ्यांपुढं पडद्यावर लावणार आहे. मी लिहायला बसेन. शेजारची खुर्ची रिकामी आहे.’”

बाई दुसरा बोरू घेऊन त्याचं टोक नखावर घासून बघत होत्या.

निरोप गेला. दोन खुणा उमटल्या. त्या निळ्या झाल्या नाहीत.

तो बघत राहिला. चिमणी पुन्हा आली, पुन्हा गेली. पंपाचा आवाज थांबला, आणि मग इतकं शांत झालं की बोरूचं टोक नखावर चाललेलं ऐकू येऊ लागलं.

खुणा तशाच.

शेवटी तो उठला. चाळीस युक्त्यांचे कागद घडी घालून त्यानं पिशवीत ठेवले. दंडवत घातला. पायरीवर गेला, एक पाय चपलेत घातला, आणि तिथूनच, न वळता, विचारलं,

“बाई… तो आलाच नाही, तर?”

“तर लोकांपुढं दुसरी चूक लावजो. तुह्याजवळ काय कमी असतीन?”

“आणि ही?”

बाईंनी बोरू दौतीत बुडवला.

“हिले हात लावू नको. ही त्याची हाय.”